हसायचं कुणाला? सई परांजपे यांच्या लेखणीची गोष्ट

आम्ही घाटकोपरच्या चाळीतल्या बचत गटातल्या बायका. रेडिओसाठी एक विनोदी नाटुकलं लिहायचं आम्ही ठरवलं, तर पहिलाच प्रश्न आला, "आपल्या घरात लिहिण्यासारखं आहे तरी काय? तेच पाणी, तेच दळण." म्हणून आज सई परांजपे यांच्याविषयी बोलू या. शेजारपाजारच्या साध्या गोष्टींतून त्यांनी सिनेमे आणि मालिका लिहिल्या.

सईताईंचा जन्म १९३८ सालचा. त्यांच्या आई शकुंतलाबाईंनी कुटुंबनियोजनाचं काम केलं, तेही लोक या विषयावर उघड बोलत नसत तेव्हा. सईताईंचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक आलं, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पुढे पुण्याच्या आकाशवाणीवर काम, मग दिल्लीत नाटकाचं शिक्षण आणि दूरदर्शन. म्हणजे त्यांची सुरुवातही आपल्यासारखी रेडिओवरच झाली!

आता पटकथा म्हणजे काय? पडद्यावर काय दिसणार आणि काय ऐकू येणार, ते क्रमाने लिहून काढणं. "ती काटकसरी आहे" असं लिहून भागत नाही, कारण काटकसर कॅमेऱ्याला दिसत नाही. तेलाची पिशवी कात्रीने उघडून ती शेवटचा थेंब कढईत निथळते, असं लिहावं लागतं. ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळत नाही. ती आपल्या ओट्यावर असते.

सईताईंचा 'चश्मेबद्दूर' १९८१ साली आला. त्यात नेहा नावाची मुलगी दारोदार कपडे धुण्याची पावडर विकते. दोन मित्र तिच्यामागे लागतात आणि तोंडावर आपटतात. पण खोलीवर येऊन मात्र "ती माझ्यावर भाळली" अशा थापा मारतात. खरं काय घडलं ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हसू येतं. लक्षात घ्या, हसं होतं ते फुशारकी मारणाऱ्या पोरांचं. कष्ट करून पैसे मिळवणाऱ्या मुलीचं नाही.

'कथा' हा १९८३ सालचा सिनेमा मुंबईच्या चाळीतला, 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून केलेला. गोडबोल्या बाशू सगळ्या चाळीला भुरळ पाडतो, संध्याशी लग्न ठरवतो आणि पळून जातो. आमच्या चाळीत असं झालं असतं, तर नळावर बोलणी कुणी खाल्ली असती, हे सांगायला नको. सिनेमात संध्या साध्याभोळ्या राजारामला झालेलं सगळं स्वतः सांगते, आणि तो ऐकून घेऊन तिच्याशी लग्न करतो. विनोदी सिनेमात एवढी मोठी गोष्ट त्यांनी भाषण न ठोकता सांगितली.

दूरदर्शनवर त्यांच्या 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका आल्या. नावांवरूनच कळतं, शेजार आणि घरातली लहानमोठी माणसं. १९९० च्या 'दिशा'मध्ये त्यांनी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्यांची गोष्ट सांगितली. त्यात गावी राहिलेला एक जण लोकांनी वेड्यात काढलं तरी विहीर खणतच राहतो. २००६ साली सईताईंना पद्मभूषण मिळालं.

हे सगळं बोलून झाल्यावर आम्ही आमचं नाटुकलं पुन्हा वाचलं. त्यात आम्ही एका जाड्या सुनेला हसलो होतो. ती पानं फाडली. आता त्यात एक भाऊजी आहेत. "बायकांना हिशोब कळत नाही" असं ते सगळीकडे सांगतात आणि बायकोच्या गटातून गुपचूप कर्ज मागतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. आठवड्यात हसू आलेला एकेक प्रसंग प्रत्येकीने सांगा, आणि मग एकमेकींना विचारा : यात हसं कुणाचं झालं? ज्याच्या हातात जोर आहे त्याचं, की जिला बोलता येत नाही तिचं? पहिल्या प्रकारचे प्रसंग वहीत उतरवा. तुमची पहिली पटकथा तिथेच सुरू होईल.