‘प्री-हेल्थ’ पदवीचा पगार कमी का दिसतो?

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल. तिथल्या शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर पदवीनिहाय कर्ज आणि कमाई पाहता येते. ‘प्री-हेल्थ’समोरचा आकडा पाहून पालक चक्रावतात: डॉक्टरकीची तयारी आणि पगार एवढाच?

गोम मोजणीत आहे. मोजणीच्या वर्षी पुढे शिकत असलेले त्यात धरतच नाहीत. एसटी सुटल्यावर स्टँडवर उरलेले प्रवासी मोजावेत, तसं हे.

पण उरलेल्यांत आपलं मूलही असू शकतं! नर्सिंगच्या पदवीनंतर परीक्षा देऊन परवाना मिळतो. या पदवीला तो रस्ता नाही. आणि ‘अनसबसिडाइज्ड’ सरकारी कर्जावर शिकत असतानाच व्याज चढतं. तेव्हा मेडिकलला प्रवेश हुकला तरी त्या पगारातून फिटेल, एवढंच कर्ज काढा.