उर्दू शाळेतल्या मुलांना इंग्रजीचे कॅपिटल आणि विरामचिन्हे कशी शिकवावीत?

दापोडे (भिवंडी) : आपल्या मुलांच्या इंग्रजी वहीत बरेचदा शब्द बरोबर असतात, पण वाक्य लहान अक्षराने सुरू होतं आणि शेवटी पूर्णविराम नसतो. मार्क कटतात आणि घरी ‘पोराचं इंग्रजी कच्चं आहे’ असा समज होतो. कधी कधी पोरगं तेच मनावर घेतं.

खरं कारण वेगळं आहे. उर्दू आणि मराठी, दोन्ही लिपींत कॅपिटल नाहीच. उर्दूचा खत्मा म्हणजे छोटी आडवी रेघ. तिचे स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह उलट्या तोंडाचे. शिवाय गोदामांच्या पाट्यांवर आणि ट्रकवर सगळीच अक्षरं कॅपिटल! मराठीतही ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं.

मग सुरुवात कुठून करायची? मकतबमधून. नाजरा शिकणाऱ्या मुलाला वक्फ माहीत असतो: मीमवर थांबणं लाजिम, आयतीच्या मध्ये ‘ला’ असेल तर थांबायचं नाही, जीमवर दोन्ही चालतं. थांबण्याने अर्थ बदलतो, हे त्याला कळलेलं असतं. आता फळ्यावर ‘रोको मत जाने दो’ लिहा. स्वल्पविराम ‘रोको’नंतर दिला तर माणूस अडवला जातो, ‘मत’नंतर दिला तर सुटतो.

त्यानंतर तीन पायऱ्या :

१. वाक्य मोठ्याने वाचा. आवाज पूर्ण थांबला तिथे पूर्णविराम, विचारलं असेल तर प्रश्नचिन्ह.

२. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करा.

३. माणसाचं, गावाचं, वाराचं, महिन्याचं नाव शोधा. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ कुठेही आला तरी कॅपिटलच.

सरावासाठी चिन्हांशिवाय, सगळं लहान अक्षरांत लिहा : ‘इज आरिफ गोइंग टू ठाणे ऑन फ्रायडे’. यात चार कॅपिटल आणि एक प्रश्नचिन्ह लागतं. चुका आपण लाल पेनाने दुरुस्त करू नयेत. ‘यात पाच गोष्टी राहिल्यात, शोध’ एवढंच सांगावं. मूल स्वतः शोधतं तेव्हा लक्षात राहतं. रोज दोनच वाक्यं पुरेत.

इंग्रजी न येणाऱ्या अम्मी-अब्बांनाही हे जमतं. मुलाला वाचायला सांगा आणि विचारा, ‘बेटा, इथे थांबलास, मग निशाण कुठे आहे?’