जुन्या लष्करी वायरलेसचा प्लग कुठे शोधाल?

सेट हाती लागतो, पण त्याची केबल कधीच भंगारात गेलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांमधला ‘नंबर 19’ हा ब्रिटिश सेट घ्या. त्याच्या वीजपुरवठ्याचे जाड, अनेक पिनांचे प्लग आज सहज मिळत नाहीत.

अमेरिकन पद्धतीचे गोल प्लग असतील तर नशीब बरे, कारण ते अजून बनतात. फक्त बाजूवरचा क्रमांक नीट वाचा. ‘एमएस 3106-ए-14-एस-6-पी’ यात 3106 म्हणजे सरळ प्लग, 14 म्हणजे कवचाचा आकार इंचाच्या सोळाव्या भागांत (आट्यांचा व्यास पाऊण इंचाहून थोडा जास्त, 7/8 इंच), 6 हा पिनांच्या मांडणीचा क्रमांक आणि ‘पी’ म्हणजे पिना. सॉकेट असेल तर शेवटी ‘एस’ येतो. मांडणी चुकली तर प्लग बसणारच नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार पालथे घालावेत. तिथेही न मिळाल्यास प्लग बनवून घ्यावा, आणि त्यासाठी कागलकरांना दूर जायला नको. पंचतारांकित एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर पितळी कवच कातून मिळू शकते. नमुना सोबत न्या. नुसत्या फोटोवर आटे जुळत नाहीत. आतली चकती टेफ्लॉनच्या रॉडमधून करावी, बेकेलाइट जुने झाले की तडकते.

नंबर 19 मध्ये सुमारे 500 व्होल्ट खेळतात, त्यामुळे पिनांचा क्रम मीटरने तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका. आणि प्रक्षेपण करायचे तर हॅम (हौशी रेडिओ) परवाना हवाच.