बारा घरांची सावड

आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या खोऱ्यातल्या एका वाडीत घर बांधून होत आलंय आणि मजुरीला एक रुपयाही गेलेला नाही, असं ओळखीच्या एका शिक्षकानं सहज बोलता बोलता सांगितलं. ते डोक्यातून जाईना. ग्रामीण आवास योजनेत केंद्राच्या हिशेबानं सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचं लागतं. जोतं, विटा, सिमेंट आणि लाकूड घेतानाच ते पैसे आटतात. अर्धवट भिंतींवर प्लास्टिक टाकून पावसाळा काढणारी माणसं मी पाहिली आहेत. मग इथे राबलं कोण, हे बघायला गेलो.

"बारा घरं," सुतारकाका म्हणाले. ते आढ्यावर बसले होते आणि वाश्यांवर रिपा ठोकत होते. घराचा मालक दोन वर्षांपूर्वी गेला. मागे बायको, दोन मुली, एक मुलगा. जुनं घर डोंगराच्या अगदी पोटाशी होतं. 30 जुलै 2014 ला याच तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. तेव्हापासून इथे घराची जागा बघताना आधी मागचा उतार बघतात. म्हणून वाडीनं तिला खाली, सपाटीला जागा काढून दिली आणि सावडीनं, म्हणजे श्रमाची फेड श्रमानंच करायच्या रीतीनं, घर उभं करायचं ठरवलं. बारा घरांतून रोज कुणी ना कुणी येतं. पाया खणणं, दगड वाहणं, विटा रचणं ही कामं महिनाभरात उरकली होती. मागची भिंत मात्र कुडाची ठेवलीय, कारवीवर शेणमातीचा लेप देऊन. विटा तेवढ्याच होत्या.

त्या दिवशी कौलं चढवायची होती. नऊशे कौलं. मंगलोरी कौल एक साधारण अडीच किलोचं, म्हणजे सव्वादोन टन माती हातोहात वर जायची. निम्मी कौलं जुन्या घराची उतरवलेली, निम्मी एका पडक्या वाड्यावरून स्वस्तात आणलेली. अंगणापासून शिडीपर्यंत माणसांची रांग लागली आणि रांगेच्या सुरुवातीला, ढिगाजवळ, घराची मालकीण स्वतः बसली.

दिवसभर माझं लक्ष तिच्याकडेच जात राहिलं. ती कौल उचलायची, डाव्या तळहातावर तोलायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करायची. खणखणीत वाजलं तर पुढे. बद वाजलं तर बाजूला. डोळ्यांना दोन्ही कौलं सारखीच दिसायची. मी बाजूला ठेवलेलं एक उचलून उन्हात फिरवून पाहिलं तेव्हा खाचेजवळ केसाएवढी चीर सापडली. एवढ्या चिरेतून श्रावणात कुडावर पाणी उतरतं आणि दोन पावसाळ्यांत भिंत बसते. दुपारपर्यंत तिच्या बोटाचं पेर लाल झालं होतं. मग तिनं बोट बदललं.

रांगेत पुण्याहून आलेली कॉलेजची काही मुलंमुलीही होती. मनापासून काम करत होती. सुरुवातीला प्रत्येक कौलामागे पाय हलवायची आणि दमायची. मग शेजारच्या आजींनी कमरेतून वळायला शिकवलं. पाय रोवलेले, फक्त कंबर फिरते, कौल छातीशी घ्यायचं आणि छातीपासूनच द्यायचं. तासाभरात रांगेला लय आली.

भाकरी खायला सगळे आंब्याखाली बसले. त्या बाईनं मुलांना विचारलं, "तुमच्याकडं काय काम असतं?" मुलं अभ्यासाचं, प्रोजेक्टचं सांगू लागली. तिनं पुन्हा विचारलं, "नाही, घरचं. मी येऊन करीन असं काय?" कुणालाच उत्तर सुचेना. एक मुलगी म्हणाली, "मावशी, तसं काही नको, आम्ही असंच आलोय." बाईचा चेहरा उतरला. बारा घरांचं देणं तिला माहीत होतं. आवणीत, म्हणजे भातलावणीत, प्रत्येकाच्या खाचरात एक दिवस, असे बारा दिवस. या मुलांचं देणं मात्र कुठेच बसत नव्हतं.

शहरातून मदतीला जाणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं असं मला वाटतं. फुकट मिळालेला हातभार घेणाऱ्याला वाकवतो. अमेरिकेत 1976 साली मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' सुरू केली ती हे ओळखूनच. स्वयंसेवक घर बांधतात, पण घर मिळणारं कुटुंबही ठरलेले तास राबतं आणि संस्थेनं नफा न घेता दिलेल्या कर्जाचे हप्ते फेडतं. त्या हप्त्यांवर पुढचं घर उभं राहतं. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1984 पासून अनेक वर्षं या संस्थेसोबत हातोडा धरत राहिले आणि 2006 साली लोणावळ्याजवळ अशी शंभर घरं बांधायला हजारो स्वयंसेवक घेऊन आले होते. त्या कामाचे फोटो कार्टरांचेच जास्त निघाले, पण मला त्यातला घरमालकाचा घाम आणि हप्ता महत्त्वाचा वाटतो. या वाडीला ते शिकवायला कुणी आलं नव्हतं.

पाचच्या सुमाराला दोन्ही पाखांवर कौलं बसली. आढ्यावरचे कोने उरले. ते चुन्यात बसवायचे म्हणून दुसऱ्या दिवसावर गेले. बद वाजलेली कौलं बाईनं मोजून रचली. न्हाणीच्या आडोशाला ती चालतील.

सुतारकाका खाली उतरून हात धूत म्हणाले, "वहिनी, सहा दिवस आलात तरी पुरे. आमच्याकडं माणसं आहेत." ती नाही म्हणाली. बाराच. मग ओट्यावर बसून दोघं आवणीचा क्रम लावू लागले. ओढ्याकाठच्या खाचरांना पाणी आधी लागतं, म्हणून पहिला दिवस काकांचा. वरच्या आळीचे चौघे जुलैच्या शेवटी. थोरली मुलगी आश्रमशाळेत आहे, ती जूनमध्येच परत जाईल, म्हणजे बाराही दिवस आईलाच उभं राहावं लागणार. आणि त्या दिवसांत तिचं स्वतःचं दोन गुंठ्यांचं खाचर कोण लावणार, याची बोलणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती.