सर्वांसाठी खुली वही : मोबाइलची मुक्त कार्यप्रणाली कशी घडते?

आज दुकानात गल्ल्याइतकेच महत्त्व मोबाइलला आले आहे. पैसे जमा झाल्याची सूचना तोच देतो, मालाची मागणी त्याच्यावरच येते आणि जीएसटीच्या भरण्यासाठी लागणारा ओटीपीही त्याच्यावरच येतो. मात्र या यंत्राला चालते-बोलते करणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, कोण तयार करतो आणि कशी तयार करतो, याची चौकशी सहसा होत नाही. पुरवठादाराची पत पाहिल्याशिवाय मालाची एक पेटीही न उचलणाऱ्या घरांतसुद्धा होत नाही.

भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडचा पाया ‘मुक्त स्रोत’ स्वरूपाचा आहे. संगणकाची कोणतीही प्रणाली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. त्या लेखनाला स्रोत म्हणतात. नंतर तिचे यंत्राला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर होते. बहुतेक कंपन्या ग्राहकाला केवळ हे रूपांतर देतात. मुक्त स्रोताच्या पद्धतीत मिठाईबरोबर तिची कृतीही हाती दिली जाते. ती वाचावी, बदलावी आणि पुन्हा वाटावी, अशी परवानगी असते. परंतु मुक्त म्हणजे बेवारस नव्हे, किंवा बिनशर्तही नव्हे. या पद्धतीत नेमके काय सर्वांचे असते आणि काय कोणाचे तरी असते, हे समजून घेण्यासाठी सायनोजेनमॉड आणि तिची वारस लिनिएजओएस या प्रणालींची वाटचाल फार उपयोगी पडते.

पाया आणि परवाने

१९९१ मध्ये फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा जाहीर केला. पुढे तो जीपीएल या परवान्याखाली आला. या परवान्याची अट सोपी आहे. गाभा घ्या, बदला, विका. मात्र बदललेला गाभा दुसऱ्याला देताना त्याचा स्रोतही उपलब्ध करून द्या. २००३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली अँड्रॉइड ही छोटी कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलसह ३४ कंपन्यांची आघाडी जाहीर झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत विक्रीस आला. त्याच महिन्यात अँड्रॉइडचा स्रोतही खुला करण्यात आला.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. वरच्या बहुतेक मजल्यांना मात्र अपाचे हा अधिक सैल परवाना लागू आहे. त्यानुसार स्रोत घेऊन त्यात केलेले बदल कोणी स्वतःपाशी झाकून ठेवले तरी चालते. म्हणूनच निरनिराळ्या कंपन्यांचे अँड्रॉइड निरनिराळे दिसते आणि त्यांतील बरेच काही बंद पेटीत असते.

प्ले स्टोअर, जीमेल, नकाशे ही गूगलची ॲप्स तर या खुल्या स्रोतात मोडतच नाहीत. ती हवी असल्यास फोन बनवणाऱ्या कंपनीला गूगलशी वेगळा करार करावा लागतो. या करारांतील अटींवरूनच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला.

हौशी मंडळींचा उद्योग

पहिला अँड्रॉइड फोन बाजारात येताच अनेक तंत्रज्ञ हौसेने त्याची प्रणाली सुधारू लागले. त्यांच्यापैकी स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकी तंत्रज्ञाने २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही आवृत्ती सुरू केली. हळूहळू जगभरातील स्वयंसेवक तिच्याभोवती जमले. त्याच वर्षी गूगलने त्यांना नोटीस दिली. खुला स्रोत वापरण्याला गूगलचा आक्षेप नव्हता. त्याच्यासोबत स्वतःची ॲप्स वाटली जाण्याला होता. स्वयंसेवकांनी ती ॲप्स वगळली आणि काम पुढे चालू ठेवले. आपले काय आणि दुसऱ्याचे काय, याची सीमारेषा आखूनच हा उद्योग उभा राहिला.

प्रत्यक्ष बांधणी

अशी प्रणाली तयार होते ती पाच टप्प्यांत. पहिला टप्पा स्रोत गोळा करण्याचा. अँड्रॉइडचा स्रोत एका फाइलीत नसून शेकडो स्वतंत्र भांडारांत विभागलेला आहे. कोणत्या भांडारातून कोणती आवृत्ती घ्यायची, याची एक यादी असते. त्या यादीवरून ‘रेपो’ नावाचे साधन सर्व माल संगणकावर उतरवून घेते. या कामासाठी संगणकात किमान ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी स्मृती असावी, असे गूगलचे मार्गदर्शन सांगते.

दुसरा टप्पा सर्वांत किचकट आहे. घरातील संगणकावर एकच प्रणाली जवळजवळ कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर बसते. फोनचे तसे नाही. प्रत्येक मॉडेलची चिप, पडदा, कॅमेरा आणि त्यांची जोडणी वेगळी असते, आणि फोन ती माहिती आपणहून पुरवत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी त्याच्या अंतर्गत रचनेचे टिपण वेगळे लिहावे लागते. लिनक्स गाभ्याचा स्रोत जीपीएलच्या अटीमुळे उत्पादकाने देणे बंधनकारक असते. परंतु कॅमेरा, मोडेम, बोटाच्या ठशाचा वाचक यांना चालवणाऱ्या कित्येक फाइली बंदच असतात. त्या मूळ फोनमधून जशाच्या तशा उचलून बसवाव्या लागतात. त्यांच्या आत काय आहे, हे स्वयंसेवकालाही पाहता येत नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीने त्या फाइलींची सुधारणा थांबवली की तिथे त्याचा इलाज चालत नाही. पूर्णतः खुला म्हणवला जाणारा फोनही बहुधा या ठिकाणी बंद असतो.

तिसरा टप्पा तपासणीचा आहे आणि व्यापारी वाचकाला तो चटकन ओळखीचा वाटेल. बँकेत नोंद करणारा एक आणि ती पास करणारा दुसरा असतो. येथेही कोणी सुधारणा केली की ती थेट मुख्य स्रोतात जात नाही. ती ‘गेरिट’ नावाच्या फलकावर सर्वांसमोर मांडली जाते. इतर मंडळी ओळ न् ओळ वाचतात, शंका विचारतात आणि गुण देतात. अधिक एक म्हणजे ‘योग्य वाटते, पण अंतिम मान्यता दुसऱ्याने द्यावी’. अधिक दोन म्हणजे मान्य. उणे दोन म्हणजे रोखले. अधिक दोन देण्याचा अधिकार मोजक्या, कामातून विश्वास कमावलेल्या लोकांनाच असतो.

मान्य झालेली प्रत्येक नोंद ‘गिट’ या व्यवस्थेत जमा होते. ही व्यवस्थाही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीवरून एक ओळखखूण काढली जाते आणि तीत मागील नोंदीची ओळखखूणही गुंफलेली असते. रोजकीर्दीत मागील पानाची शिल्लक पुढे ओढली जाते, तसाच हा प्रकार आहे. जुन्या पानावर कोणी खाडाखोड केली, तर पुढच्या साऱ्या पानांचा मेळ बिघडतो आणि लबाडी उघडी पडते. शिवाय स्रोत उतरवून घेणाऱ्या कोणालाही संपूर्ण इतिहासासह प्रत घेता येते. त्यामुळे मूळ वही एकाच तिजोरीत अडकून राहत नाही.

चौथा टप्पा रूपांतराचा आणि मोहोर उमटवण्याचा. सर्व स्रोताचे यंत्रभाषेत रूपांतर होण्यास साध्या संगणकावर कित्येक तास लागतात. तयार झालेल्या आवृत्तीवर डिजिटल सही केली जाते. सहीची गुप्त किल्ली प्रकल्पाकडे असते आणि तिची जुळणारी उघड किल्ली फोनमध्ये असते. सुधारणा बसवताना फोन ही सही ताडून पाहतो.

पाचव्या टप्प्यात प्रत्यक्ष फोनवर चाचणी होते. फोन सुरू होतो का, की सुरू होता होता पुन्हा बंद पडतो. बोलणे ऐकू येते का. तातडीचा क्रमांक लागतो का. कॅमेरा चालतो का, हे सारे त्या मॉडेलची जबाबदारी स्वीकारलेला स्वयंसेवक पाहतो. त्याने ती जबाबदारी सोडली आणि दुसरा कोणी पुढे आला नाही, तर त्या मॉडेलच्या आवृत्त्या थांबतात.

कसोटीचा काळ

२०१३ मध्ये सायनोजेनमॉडच्या काही प्रमुखांनी सायनोजेन ही कंपनी स्थापन केली आणि तिला सत्तर लाख डॉलरचे भांडवल मिळाले. २०१४ मध्ये या कंपनीची प्रणाली घेऊन वनप्लस वन हा फोन आला. त्याच सुमारास कंपनीने भारतापुरते एकाधिकार मायक्रोमॅक्सला दिले. परिणामी डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने वनप्लस वनच्या विक्रीला मनाई केली आणि काही दिवसांतच खंडपीठाने ती उठवली. खुला स्रोत कोणीही घेऊ शकत होता. पण कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि तिच्याकडून मिळणाऱ्या सुधारणा ही कराराने देण्याघेण्याची मालमत्ता होती. एकच हक्क दोन ठिकाणी बांधला गेला की वाद अटळ असतो, हे व्यापारात मुरलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. वनप्लसने पुढे स्वतःची ऑक्सिजनओएस ही प्रणाली काढली.

कंपनीचा जम बसला नाही. डिसेंबर २०१६ च्या अखेरीस तिने वर्षअखेरपासून सर्व सेवा बंद होत असल्याचे जाहीर केले. सायनोजेनमॉड हे नाव कंपनीच्या मालकीचे होते आणि सर्व्हरही तिच्याच आधारावर चालत होते. वर्षानुवर्षे विनामूल्य काम केलेल्या स्वयंसेवकांजवळ ना पाटी उरली, ना गाळा उरला.

उरली ती वही. स्रोताच्या प्रती आणि प्रत्येक बदलाचा इतिहास हजारो संगणकांवर होता, परवाना कोणी काढून घेऊ शकत नव्हते, आणि काम जाणणारी माणसे तीच होती. त्यांनी २४ डिसेंबर २०१६ रोजी लिनिएजओएस हे नवे नाव जाहीर केले. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या आवृत्त्या निघाल्या. त्यांचा क्रमांक १ नव्हता. जुन्या प्रणालीचाच १४.१ हा क्रमांक पुढे चालवला होता. सह्या मात्र नव्या होत्या. त्यामुळे जुन्या फोनवर नवी आवृत्ती सरळ बसेना आणि स्थलांतरासाठी वेगळी प्रायोगिक आवृत्ती द्यावी लागली. या प्रसंगात स्रोत वाचला, परंतु नाव आणि सर्व्हर गेले. सामुदायिक उद्योगात नावाचे आणि किल्ल्यांचे मालक कोण, हे आरंभीच लिहून ठेवण्याचे महत्त्व यातून दिसते.

दुसरी कसोटी मे २०२० मध्ये आली. सर्व्हर सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी लिनिएजओएसच्या यंत्रणेत शिरले. तथापि सहीच्या किल्ल्या पूर्णपणे वेगळ्या यंत्रांवर ठेवलेल्या असल्यामुळे त्या सुरक्षित राहिल्या. स्रोताला आणि तयार आवृत्त्यांनाही धक्का लागला नाही. प्रकल्पाने घडलेला प्रकार लगेच जाहीरही केला. तिजोरीची किल्ली गल्ल्यात ठेवू नये, ही जुनी शिस्त येथे कामी आली.

व्यवहारात काय ध्यानात ठेवावे

जुन्या फोनला कंपनीने सुधारणा देणे थांबवले की तो बहुधा खणात जाऊन पडतो. अशा फोनला मुक्त प्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. मात्र ती बसवण्यासाठी फोनचे मूळ कुलूप उघडावे लागते. त्यात फोनमधील सर्व माहिती पुसली जाते आणि हमीवर परिणाम होऊ शकतो. शिवाय बँकांची आणि पैसे देण्याघेण्याची अनेक ॲप्स असा बदललेला फोन स्वीकारत नाहीत. म्हणून ज्या क्रमांकावर यूपीआय आणि बँकेचे ओटीपी येतात, त्या फोनवर हा प्रयोग करू नये. जाणकाराच्या मदतीने शिलकीतल्या फोनवर करावा आणि प्रणाली त्या प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्यावी.

ज्यांना असा प्रयोग करायचा नाही, त्यांनीही एक गोष्ट अवश्य पाहावी. ऑगस्ट २०१५ पासून गूगल अँड्रॉइडमधील सुरक्षा-त्रुटींची माहिती दर महिन्याला प्रसिद्ध करते. फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तारीख वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल, तर तो फोन पेढीच्या व्यवहारांसाठी वापरणे जोखमीचे आहे. नवा फोन घेतानाही किंमत आणि कॅमेऱ्याबरोबरच किती वर्षे सुधारणा मिळणार, हे विक्रेत्याला विचारावे.

मुक्त प्रणालींचे परावलंबन अजून संपलेले नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडचे दैनंदिन काम यापुढे आपल्या खाजगी शाखेत करण्याचे आणि आवृत्ती तयार झाल्यावर स्रोत प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. त्यामुळे काम चालू असताना त्यावर नजर ठेवण्याची बाहेरच्यांची संधी कमी झाली. भारतात जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखालील एका नवउद्योगाने भारओएस ही प्रणाली पुढे आणली. तिचाही पाया अँड्रॉइडचा खुला स्रोतच आहे.

तेव्हा ‘स्वदेशी’ किंवा ‘मुक्त’ या शब्दावर न थांबता तीन गोष्टी पाहाव्यात. बदल कोण तपासतो, आवृत्तीवर सही कोणाची असते आणि सुधारणा किती नियमित येतात. या तीन प्रश्नांची उत्तरे जी प्रणाली उघडपणे देते, तिच्यावर व्यवहार सोपवण्यास हरकत नाही.