विभक्त भूमींची साक्ष

कर्नाटकातील मालपे बंदरासमोरील सेंट मेरी बेटांवर बहुकोनी शिलास्तंभांच्या रांगा दिसतात. हा दख्खनच्या लाव्हाचाच विस्तार असावा, असे महाराष्ट्रीय वाचकास सहज वाटेल. परंतु दख्खनचा लाव्हा सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हे खडक साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचे होत. त्या काळी भारत व मादागास्कर परस्परांपासून विलग होत होते आणि मादागास्करमध्येही ज्वालामुखींचे उद्रेक होत होते. येथे वर आलेला सिलिकाबहुल शिलारस निवताना आकसला, त्यास उभ्या भेगा पडल्या व हे स्तंभ घडले. आज दोन्ही भूमींमध्ये हजारो किलोमीटर सागर पसरला आहे. त्यांच्या वियोगाचा हा पुरावा एकदा फोडला गेल्यास पुन्हा घडणार नाही.