तपासणीचा ताळेबंद

शहापूर तालुक्यातील शेणव्याच्या आसमंतात आणि शेजारच्या मुरबाडच्या डोंगरपट्टीत दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि मालकाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत वाडीत म्हातारीकोतारी माणसे तेवढी उरतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी तपासणी करण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ साली आखला गेला, त्याची खरी परीक्षा अशाच वाडीवर आहे.

यांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे पुरावा भक्कम आहे, आणि तो महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ ग्रामसमूह यादृच्छिक पद्धतीने चार गटांत वाटून, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा आठ वर्षे मागोवा घेतला. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी, दुसऱ्याची पेशींच्या परीक्षणाने, तिसऱ्याची सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली. चौथ्याला नित्याचीच सेवा मिळाली. गट जवळपास सारखे असूनही विषाणूचाचणीच्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्यात ६४. तसेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केलेल्या आम्लतपासणीने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मोजले ते मृत्यू, हे येथे महत्त्वाचे. कारण रोग लवकर उमगला म्हणजे आयुष्य वाढलेच असे नव्हे, कित्येकदा रुग्ण म्हणून जगण्याचा काळ तेवढा लांबतो, आणि किती रोगी सापडले एवढ्यावरच भुलणारा अहवाल स्वतःचीच फसवणूक करतो. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतला गेला, आणि तो मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. त्या चौसष्ट जणींच्या मृत्यूतून आलेले ज्ञान वापरात न आणणे हा तर दुहेरी अन्याय होईल.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया देशात अवघ्या १.९ टक्के आढळल्या. आशाताई दारोदार जाऊन जोखमीच्या प्रश्नावलीचा सी-बॅक फॉर्म भरते, दप्तरी आकडे चढतात. परंतु तपासणीत दोष आढळलेली स्त्री उपचाराच्या खाटेपर्यंत पोहोचली काय, याची पृच्छा वरिष्ठांकडून प्रथम व्हावयास हवी. शेणव्याच्या परिसरात तपासणीचा हंगाम आषाढ ते आश्विन असा ठेवावा, त्याच फेरीत उपचार उरकावेत, आणि राहिलेल्या स्त्रियांची नावे भट्टी ज्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत येते तेथे कार्तिक उजाडण्यापूर्वी लेखी कळवावीत.